तिसरं पेर

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या घरातून निघून हायवेला लागलं की उजव्या हाताला दुकानांची एक बुटकी रांग आहे. तिच्यात लाँड्री आणि नखं रंगवायचं दुकान यांच्या मधोमध एक व्हिएतनामी सूपचं हॉटेल आहे. रविवारी दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. थंडीत तर काचा आतल्या वाफेने पांढऱ्याफटक होतात, बाहेरून माणसं दिसतच नाहीत, नुसत्या सावल्या हलताना दिसतात. मला ते हॉटेल फार आवडायचं. आवडायचं म्हणते, कारण आईला घेऊन गेले त्या रविवारनंतर मी तिथे पुन्हा पाऊल टाकलेलं नाही.

हॉटेलचा शोध खरं तर बाबांचा. मागच्या उन्हाळ्यात ते नागपूरहून आमच्याकडे राहायला आले होते, एकटेच. आईचे गुडघे इतका वेळ विमानात बसायला तयार नव्हते. शाकाहारी माणूस, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांनी तिथल्या वेट्रेसची उलटतपासणीच घेतली. सुपात हाडं असतात का? भाज्यांचं सूप वेगळ्या पातेल्यात शिजतं का? डाव एकच वापरता का? ती बिचारी शेवटी आत जाऊन पातेल्याचा फोटो काढून घेऊन आली, तेव्हा कुठे स्वारी बसली. टोफू आणि मश्रूम घातलेला तो भलामोठा वाडगा समोर आला आणि बाबा पार विरघळले. ‘शेवयांचं सार’ असं त्यांनी त्याचं बारसं करून टाकलं. मग दर रविवारी शेवयांचं सार. बसायची जागा ठरलेली, भिंतीला पाठ लावून, स्वयंपाकघराचं दार दिसेल अशी. हिरव्या मिरच्या तोंडी लावायला. पाण्यात बर्फ चालायचा नाही. “नो आइस” हे दोन शब्द ते इतक्या जोरात म्हणायचे की आजूबाजूची दोन टेबलं वळून बघायची.

नागपूरला परत गेले आणि काही महिन्यांत आजारी पडले. आई सांगते, दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ते सारखे सूप मागत होते. तिने टोमॅटोचं सूप करून नेलं, त्यांनी तोंड फिरवलं. मुगाचं कढण नेलं, तेही नको. त्यांना बोलायला त्रास होत होता, हिला कळेना. ते गेल्यावर, मी नागपूरला पोचल्यावर, हॉटेलचा विषय निघाला तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या क्षणी तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलंय. मी विषय काढला नसता तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

दहाव्याला कावळा शिवला नाही. घाटावर झाडं कावळ्यांनी लगडलेली होती, पिंडाच्या आजूबाजूला उतरतही होते, पण एकही चोच लावेना. मग नेहमीचं सुरू झालं. एकेकाने पुढे यायचं, हात जोडायचे, शब्द द्यायचा. काकांनी घराचं बघू म्हणून सांगितलं. मी “आईला सांभाळीन बाबा” म्हणाले. गुरुजी म्हणाले, “कुणाचा तरी जीव अडकून राहिला आहे.” ऊन चढत गेलं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. माझं मत विचाराल तर त्या घाटावर रोज इतके पिंड पडतात की कावळ्यांची पोटं भरलेली असतात. मी तसं मोठ्याने बोललेही. एका मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

पण आईने मनात गाठ बांधली ती बांधली. ते उपाशी गेले. सूप मागत होते आणि मी टोमॅटो दिला, एवढंच ती म्हणत राहिली.

मी तिला, दुखऱ्या गुडघ्यांसकट, इकडे घेऊन आले तेव्हा ती दिवसातून एकदा खात होती, तेही वरणभाताचे चार घास. तिचे ब्लाऊज दंडावर लोंबायला लागले होते. इथल्या डॉक्टरने रक्त तपासलं, वजन बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच चाललं तर हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागेल. मी चिडले, हातापाया पडले, एकदा तर ताट सिंकमध्ये आपटलं. ती शांतपणे म्हणायची, “त्यांचं होऊ दे आधी.” जन्मभर ती बाबांच्या मागून जेवली. आता ते नाहीत, तरीही ती त्यांचं जेवण व्हायची वाट बघत होती. वडील गेले होतेच, आता आईही डोळ्यांदेखत चालली होती, आणि मी काही करू शकत नव्हते.

त्यामुळे एका रविवारी ती स्वतःहून म्हणाली, “ते सूप खायचे तिथं ने मले,” तेव्हा मी आनंदाने जवळजवळ उडीच मारली. नवरा कामासाठी टेक्सासला गेलेला. आम्ही दोघीच निघालो. बर्फ पडून चार दिवस झाले होते आणि पार्किंग लॉटच्या कडेने त्याचे काळपट ढीग साचले होते. गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून तिला दारात उतरवलं, “आत जाऊन उभी राहा, मी आलेच” म्हटलं आणि जागा शोधायला मागच्या बाजूला गेले. आरशात पाहिलं, तर ती दार ढकलून आत शिरत होती आणि त्या पांढऱ्या काचेमागे तिचीही सावली झाली.

मी आत पोचले तेव्हा ती बसलेली होती. एवढ्या गर्दीत, दाराशी माणसं ताटकळत असताना, तिला जागा मिळाली होती. बाबांच्या टेबलावर. ती त्यांच्या नेहमीच्या खुर्चीसमोर बसली होती आणि ती खुर्ची रिकामी होती.

टेबलावर तीन मेन्यू कार्डं होती, तीन चमचे, चॉपस्टिकचे तीन जोड.

“टू,” मी वेट्रेसला बोटं दाखवून म्हटलं. “ओन्ली टू ऑफ अस.” ती नवी मुलगी होती, मी तिला आधी पाहिलेलं नव्हतं. तिने घाईघाईत मान हलवली आणि पाणी आणायला गेली. तीन ग्लास घेऊन आली. एक आईपुढे, एक माझ्यापुढे, एक भिंतीकडच्या खुर्चीपुढे. आमच्या दोघींच्या ग्लासांत बर्फ काठोकाठ भरलेला होता. तिसऱ्यात बर्फ नव्हता.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर चुका शोधायच्या आणि त्यांचं कारण शोधायचं, यावरच माझं पोट चालतं. कारण नसलेली चूक नसते, असं मी ऑफिसात नव्या मुलांना ठासून सांगते. मी स्वतःला सांगितलं की बर्फाचं मशीन रिकामं झालं असेल, तिसऱ्या ग्लासापर्यंत पुरलं नसेल. शेजारच्या टेबलावर त्याच वेळी बर्फाने खच्चून भरलेले ग्लास गेले. मी तिकडे बघायचं टाळलं.

“आई, तू सांगितलंस का काही हिला?”

“मी काय सांगणार? मले कुठं येते इंग्लिश.”

आमच्या मागे एक पोर किंचाळत होतं, भांडी आदळत होती, स्वयंपाकघराच्या दारातून वाफेचे लोट येत होते. वेट्रेस परत आली. मी भाज्यांचं सूप, टोफूवालं, म्हणून सांगितलं आणि पातेलं वेगळं आहे ना, तेही विचारलं. “सेम फॉर एव्हरीबडी?” तिने विचारलं. “येस, येस, सेम.” ती गेली. आई दाराजवळच्या लाल देव्हाऱ्याकडे बघत होती. जमिनीलगतच्या त्या छोट्या देव्हाऱ्यात संत्री होती, उदबत्ती लावलेली होती आणि एका कपात कोणासाठी तरी काळी कॉफी ओतून ठेवलेली होती.

“यांच्याकडेही ठेवतात,” आई म्हणाली.

वाडगे आले. तीन.

वेट्रेसने तिसरा वाडगा रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला, चमचा नीट खुर्चीकडे वळवला आणि निघूनही गेली. मी तिला हाक मारणार, तोवर आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. हात इतका गार होता की मी दचकले. मग तिने ग्लासातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि त्या तिसऱ्या वाडग्याभोवती पाणी फिरवलं. शेजारच्या प्लेटमध्ये मुगाचे मोड आणि लिंबाच्या फोडींबरोबर तुळशीसारखी पानं होती; त्यातलं एक खुडून तिने सुपावर ठेवलं. हात जोडून डोळे मिटले. अमेरिकेतल्या भर गर्दीच्या हॉटेलात माझी आई माझ्या वडिलांना नैवेद्य दाखवत होती, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस चॉपस्टिक हवेत धरून बघत बसला होता.

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. हिचं डोकं तर फिरलं नाही ना? मी उठले आणि सरळ काउंटरपाशी गेले. तिथे मालकीणबाई बसतात, सत्तरीच्या असतील, बाबांशी त्या मान लववून बोलायच्या. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, आम्ही दोघी आहोत, तुम्ही तिघांचं का आणताय?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आईकडे बोट केलं. “शी सेड थ्री.”

“शी डझंट स्पीक इंग्लिश.”

तेव्हा त्यांनी हात वर केला आणि आईने काय केलं ते करून दाखवलं. अंगठा करंगळीवर टेकवलेला, बाकीची तीन बोटं ताठ उभी.

मी खो खो हसत सुटले. लोक बघायला लागले तरी मला थांबता येईना. अहो, पेरं! आई बोटांच्या पेरांवर मोजते, जन्मभर तसंच मोजत आली आहे. करंगळीची तीन पेरं, मग अनामिकेची तीन. बाईंनी हाताने ‘किती’ असं विचारलं असणार. आईने दोन म्हणून करंगळीच्या दुसऱ्या पेरावर अंगठा ठेवला असणार. समोरच्या माणसाला काय दिसणार? उभी राहिलेली तीन बोटं! तिघांची नोंद झाली, तिघांचं टेबल मिळालं, आणि “येस, येस, सेम” म्हणून मीच तीन वाडग्यांवर शिक्का मारला. छातीवरचा धोंडा उतरला. एवढा सोपा बग मला आधी का दिसला नाही, याचंच नवल वाटलं.

टेबलाशी येऊन मी आईला सगळी गंमत सांगितली. ती हसली नाही. तिने स्वतःचा हात टेबलावर ठेवला, उघडला आणि अंगठा करंगळीवर नेला.

“दोन मोजले असते तर अंगठा इथं असता,” ती म्हणाली आणि मधल्या पेरावर टेकवला. मग तो वरच्या पेरावर सरकवला, करंगळीच्या टोकाशी. “इथं होता. तिनं विचारलं किती, मी तीन म्हटलं.”

मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. समोरून दोन्ही वेळा तीनच बोटं दिसत होती.

“आई, कोण तीन?”

“तू काहून घाबरून राहिली? जेव.”

मी दोन घास खाऊन चमचा खाली ठेवला. आई तिच्या वाडग्याला हात लावत नव्हती. हात मांडीवर ठेवून ती समोरच्या वाडग्याकडे बघत बसली होती, घरी बाबा जेवताना बसायची तशीच, काही हवं-नको बघायला. सुपावरची वाफ कमी झाली. तुळशीचं पान कडेला जाऊन चिकटलं. आजूबाजूची टेबलं दोनदा रिकामी होऊन भरली. दाराशी रांग होती, तरी आम्हाला उठवायला कोणी आलं नाही. वेट्रेस एकदा वाडगा उचलायला आली, तेव्हा मालकीणबाई काउंटरवरून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या, आणि ती हात मागे घेऊन निघून गेली.

मग आई हळूच म्हणाली, “पाहा.”

“काय?”

“कमी होऊन राहिलं.”

मी पाहिलं. सूप खरंच खाली गेलं होतं. आणलं तेव्हा काठाला लागलेलं होतं. आता काठाच्या आत वाडग्यावर एक तेलकट ओली रेघ उमटली होती आणि सूप तिच्या बरंच खाली होतं. टोफूचे चौकोन उघडे पडले होते. कोणी चमचा लावलेला नव्हता. काउंटरवरून परतल्यापासून मी तिथेच बसले होते, वाडगा माझ्या डोळ्यांसमोर होता.

मला कारण माहीत होतं. तांदळाच्या शेवया आहेत त्या, ठेवल्या की सूप पितात आणि फुगतात. उरलेलं सूप घरी नेलं की डब्यात नुसता शेवयांचा गोळा सापडतो, हे मी कितीदा पाहिलंय. हे वाक्य माझ्या तोंडाशी तयार होतं. पण आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते गिळून टाकलं. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत होत्या. ती बघत होती आणि सूप उतरत होतं, अगदी सावकाश, दात नसलेला म्हातारा माणूस जेवतो तसं. एक शेवई वर आली, वळली आणि पुन्हा खाली गेली. मी खुर्ची थोडी मागे सरकवली.

अर्ध्याच्याही खाली गेलं तेव्हा आईने मोठा श्वास सोडला.

“झालं त्यांचं,” ती म्हणाली आणि स्वतःचा वाडगा पुढे ओढला.

आणि जेवली. थंडगार झालेलं सूप, गोळा झालेल्या शेवया, टोफू, मश्रूम, सगळं. चॉपस्टिक बाजूला ठेवून चमचा आणि हाताने. मग माझ्यातलं अर्धं घेतलं. शेवटी हिरवी मिरची उचलून दाताखाली चावली आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी चावत राहिली. मी रडत होते, हसतही होते. डॉक्टरला फोन करून सांगावं असं वाटत होतं. माझी आई जेवली होती. कारण काहीही असो, कोणामुळेही असो, माझी आई पोटभर जेवली होती.

निघताना मालकीणबाईंनी न सांगताच तो तिसरा वाडगा बांधून दिला. वर नव्या सुपाचे दोन मोठे डबे भरून एकाच पिशवीत घातले. पिशवी चांगली जड झाली होती. आई ती हातात घेईना. मी ती गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवू लागले, तेव्हा मनात आलं, मागे ठेवावी, पुढे आई बसेल. अमेरिकेत आल्यापासून ती पुढेच बसायची. तर ती मागचं दार उघडून आत बसलीसुद्धा.

“मागे का बसलीस?”

“पुढं ते बसतात ना.”

पिशवी पुढच्या सीटवर ठेवली, गाडी सुरू केली, आणि टिंगटिंग सुरू झालं.

ही गाडी तशीच आहे. पुढच्या सीटवर वजन पडलं आणि बेल्ट लावलेला नसला की घंटा वाजवत राहते. सबंध उन्हाळा आमचं यावरून भांडण व्हायचं. बाबा बेल्ट लावायचे नाहीत, “ही गाडी आहे का देऊळ, सारखी घंटा वाजवते,” म्हणायचे, आणि मी लाल सिग्नलला वाकून त्यांचा बेल्ट लावायचे. सुपाचे डबे जड आहेत म्हणून वाजतंय, हे मला कळत होतं. तरी मी गाडी हलवली नाही.

“लावून दे त्यांचा,” आई मागून म्हणाली. “ते नाही लावत.”

मी वाकले आणि पिशवीभोवती बेल्ट लावला. घंटा थांबली. घरापर्यंत मी फार सांभाळून गाडी चालवली. वळणावर पिशवी कलली की उजवा हात आपोआप तिकडे जायचा. सगळ्या वाटेत मी एकदाही उजवीकडे मान वळवून पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर आई उतरली. “चहा टाकते,” म्हणाली आणि खांदे सरळ ठेवून आत गेली. इतक्या दिवसांत तिने स्वतःहून चहा टाकलेला नव्हता. तिचं ओझं उतरलं होतं. ती बाबांना जेवू घालून मोकळी झाली होती.

मी मात्र गाडीतच बसून राहिले. इंजीन चालू ठेवलं. मला बेल्ट काढवेना.

घाटावरचा तो तास डोळ्यांसमोर आला. सगळे हात जोडून म्हणत होते, तुमची काय इच्छा असेल ती पुरी करू, आता शांतपणे जा. मीही ओठांनी तेच म्हणत होते. पण आतून मी सबंध वेळ एकच म्हणत होते, जाऊ नका. बाबा, जाऊ नका. कावळा पिंडाशी येऊन परत उडाला की मला बरं वाटत होतं. कुणाचा तरी जीव अडकून राहिला आहे असं गुरुजी म्हणाले, तेव्हा सगळ्यांना वाटलं ते बाबांबद्दल बोलत आहेत. आई महिनोन्महिने टोमॅटोच्या सुपाला दोष देत बसली. कावळा कोणामुळे शिवला नाही, ते मला त्या दिवशी गाडीत कळलं. कावळ्यांची पोटं भरलेली असतात म्हणून सांगणारी मीच होते.

उजवीकडे बघायची हिंमत मी शेवटी केली. पिशवीच होती. बेल्टखाली नीट बसलेली, वरून अजून थोडी वाफ येत होती.

आमच्याकडे निघणाऱ्याला ‘जा’ म्हणत नाहीत.

“या, बाबा,” मी म्हटलं आणि बेल्टचं बटण दाबलं. घंटा वाजायला लागली. बंद गाडीत ती फार मोठ्याने वाजते. मी ती बराच वेळ वाजू दिली. मग दोन्ही हातांनी पिशवी उचलली, आणि घंटा थांबली.

मागच्या अंगणात उघड्याबोडक्या मेपलखाली बर्फावर तो तिसऱ्या वाडग्याचा डबा उघडून ठेवला. पुन्हा वळून न बघता घरात आले. आई ओट्याशी उभी होती, चहाला उकळी फुटली होती.

“एवढा वेळ काय करून राहिली होती गाडीत?”

“काही नाही,” मी म्हणाले. “बाबांना सोडून आले.”

तिने कप काढले. दोन.